युद्धोत्तर इटालियन कादंबऱ्यांतलं जेवण: प्रतीक शोधण्याआधी ताट मोजा

ग्रंथकीट

इटालियन कादंबरी म्हटलं की आपल्याकडची चर्चा पास्ता, वाइन आणि ‘जगण्याचा उत्सव’ इथे येऊन थांबते. युद्धानंतरच्या पहिल्या वीसेक वर्षांतली महत्त्वाची पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली तर हा उत्सव शोधत बसावा लागतो. पानोपानी दिसते ती मोजदाद. कुणाच्या वाट्याला किती आलं, कुणी वाढलं, रांगेत कोण कितवा होता, उरलंसुरलं कुणी उचललं.

म्हणून एक साधी पद्धत मांडतो. जेवणाचा प्रसंग आला की लगेच प्रतीकाकडे धावायचं नाही. आधी प्रमाण टिपायचं. मग वाढणारा हात कुणाचा ते बघायचं, मग ताटावर बसून न जेवणारा माणूस, आणि शेवटी त्या जिन्नसाचा त्या दिवशीचा भाव. एवढं करून प्रतीक हाताशी उरलं तर ते लेखकाचं. नाहीतर आपण आपलंच चिकटवलेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी. इटलीत पावाचं रेशनिंग ऑक्टोबर १९४१ मध्ये लागू झालं, सर्वसाधारण माणसाला दिवसाला २०० ग्रॅम. मार्च १९४२ मध्ये ते १५० ग्रॅमवर आलं. गरिबाचं मुख्य अन्नच पाव असलेल्या देशात ही कपात. युद्धानंतर पुस्तक हातात घेणाऱ्या वाचकाला पावाचा तुकडा दिसला की त्याचं वजनही दिसत होतं.

पहिलं उदाहरण प्रीमो लेवी, ‘इफ धिस इज अ मॅन’, १९४७. आउशवित्झच्या छावणीत पाव हे अन्न होतं तसंच चलनही होतं. आवाराच्या एका कोपऱ्यात बाजार भरायचा आणि त्यात काही भाव ठरलेले होते: एक लिटर सूप म्हणजे पावाचं अर्धं रेशन. सलगम, गाजर, बटाटे यांचे भाव मात्र रोज वरखाली. सूप डेगेच्या वरचं पातळ आणि तळाचं दाट, त्यामुळे कितव्या नंबरला उभं राहिलं म्हणजे डाव तळाशी पोचेल याचा हिशेब. वेगवेगळ्या डेगांत किती मावतं हे पाठ झालेलं. पाव खाताना वाडगा हनुवटीखाली धरायचा, चुरा खाली सांडू नये म्हणून. या वर्णनात अलंकार जवळजवळ नाहीतच. लेवी रसायनशास्त्रज्ञ होता आणि इथे तो प्रयोगवहीच लिहितोय.

आता शेवटचं प्रकरण बघा. १८ जानेवारी १९४५ ला जर्मनांनी छावणी सोडली, आजारी कैदी मागे राहिले. लेवी आणि दोन फ्रेंच सोबत्यांनी मोडतोडीतून शेगडी आणि बटाटे ओढत आणले, खोली उबदार केली. तेव्हा खोलीतला तोवारोव्स्की नावाचा रुग्ण सुचवतो की काम करणाऱ्या या तिघांना प्रत्येकाने आपल्या पावातली एक एक चकती द्यावी. सगळे मान्य करतात. लेवी म्हणतो, आदल्या दिवशीपर्यंत हे कल्पनेतही आलं नसतं. कैद्यांतून पुन्हा माणूस होण्याची सुरुवात तो इथून धरतो. ही चकती त्यागाचं प्रतीक होते ती आधीच्या सगळ्या प्रकरणांत तिचा बाजारभाव आपल्याला पाठ करून दिलाय म्हणून. ते भाव गाळून फक्त हा प्रसंग वाचला तर तो नुसता सुविचार वाटेल.

दुसरं उदाहरण बेप्पे फेनोल्यो, ‘ला मालोरा’, १९५४. पिएमोन्तमधल्या लांगे टेकड्या, कर्जात बुडालेलं घर, आणि दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून ठेवलेला अगोस्तीनो. तिथे जेवण म्हणजे पोलेंटा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तोंडी लावायला तुळईला दोऱ्याने टांगलेली एकच खारवलेली अँचोवी मासळी. प्रत्येकाने आळीपाळीने आपला पोलेंटा तिला घासायचा. मासळीला मासळीचा आकार उरत नाही तरी आणखी काही दिवस घासणं चालूच. कुणी हक्कापेक्षा जास्त घासलं तर मालक टेबलावरूनच हात लांब करून फटका देतो. अख्ख्या कादंबरीतलं मालक-गड्याचं नातं त्या दोऱ्यावर लटकलेलं आहे.

तिसरं इतालो काल्व्हिनोचं ‘मार्कोवाल्दो’, १९६३. त्यातली पहिली गोष्ट शहरात उगवलेल्या अळंब्यांची. ट्रामच्या थांब्याजवळच्या मातीत मार्कोवाल्दोला अळंबी दिसतात, तो लपवू बघतो, शेवटी सगळ्यांनाच कळतं आणि सगळे वेचून नेतात. रात्री सगळे दवाखान्यात भेटतात, पोट धुवायला. कुणी दगावत नाही, कारण वाटेकरी इतके झाले की प्रत्येकाच्या पोटात थोडीच गेली. इथेही विनोद उभा आहे तो प्रमाणावर.

तुम्हाला अशी आणखी उदाहरणं आठवत असतील तर द्या. विरोधी असतील तर आधी द्या.

तिरकस

विरोधी उदाहरण घ्या मग: ‘इल गात्तोपार्दो’, इंग्रजीतलं ‘द लेपर्ड’. लेखक लाम्पेदूसा स्वतः सरदार घराण्यातला. पुस्तक १९५८ चं, लेखकाच्या मृत्यूनंतर आलेलं. दोन्नाफुगाता या सिसिलीतल्या गावच्या मेजवानीत तीन गणवेशधारी नोकर चांदीच्या प्रचंड तबकांत मॅकरोनीचे डोंगर घेऊन येतात. वरचं कवच तांबूस सोनेरी, त्याला साखर-दालचिनीचा वास. सुरी फिरली की आधी वाफ, मग कोंबडीची काळिजं, उकडलेली अंडी, हॅम, कोंबडी आणि ट्रफलच्या पट्ट्या, आणि मांसाच्या अर्काने हरणाच्या कातड्याचा रंग आलेली आखूड मॅकरोनी. इथे कुठली मोजदाद? हा तर सरळसरळ ऐश्वर्याचा थाट आहे, आणि लेखकाला तो मनापासून आवडतोय.

तुमची पद्धत भुकेच्या पुस्तकांना चालते. भरल्या पोटाच्या पुस्तकांचं काय करायचं?

कढईवाली

‘द लेपर्ड’मधल्या त्या पदार्थाचं नाव तिंबालो. तो कसा बनतो हे माहीत असलं की तिरकस यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

कवचाला पास्ता फ्रोल्ला, म्हणजे गोडसर खुसखुशीत पीठ. घरगुती मापाने मैदा ५०० ग्रॅम, थंड लोणी २५० ग्रॅम, साखर १०० ते १५० ग्रॅम, ४ बलक, चिमूटभर मीठ आणि दालचिनी. जास्त मळायचं नाही, नाहीतर ते चिवट होतं. तासभर थंड जागी ठेवायचं. आत भरायची मॅकरोनी अर्धीकच्चीच काढायची, कारण भट्टीत ती आणखी शिजते. रस्सा आटवून जवळजवळ सुका करायचा. सगळं सारण पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. गरम भरलं तर लोणी वितळून तळाचं पीठ बसतं आणि उलटं करताना बाजू फाटतात. १८० अंशांवर पाऊण ते एक तास, मग साच्यातच किमान १५ मिनिटं थांबायचं. घाई केली की डोंगराची दरड होते.

आता विचार करा, असे तीन, वीस माणसांसाठी, एकाच वेळी, अखंड, गरमागरम. ऑगस्टमधल्या सिसिलीत. तिथलं ऐश्वर्य ताटापेक्षा स्वयंपाकघरात जास्त आहे. साखर आणि मांस एकाच कवचात हा जुन्या सरदारी स्वयंपाकाचा प्रकार. कादंबरीतला काळ १८६०, म्हणजे ती चव जाण्याच्या वाटेवर असताना.

ग्रंथकीट

तिरकस, त्याच प्रसंगात दोन परिच्छेद मागे जा. यजमान, म्हणजे कादंबरीचा नायक राजपुत्र फाब्रित्सिओ, याने मेजवानीची सुरुवात सूपने होऊ दिलेली नाही. उंची युरोपीय रिवाज तसा होता, पण गावच्या मानकऱ्यांना पातळ सूपचा धसका असतो हे त्याला ठाऊक आहे. म्हणून रिवाज मोडून तो सुरुवातीलाच तिंबालो आणवतो. नुकताच इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्दी सिसिलीत उतरलाय आणि ज्यांची मतं उद्या लागणार त्यांच्या पोटाचा अंदाज घेऊन हे ताट मांडलंय. ही राजकीय मोजदादच झाली.

आणि न जेवणारा माणूस बघा म्हटलं होतं. लेखक चक्क हिशेब देतो की वीस जणांत चौघांनीच आनंदाश्चर्य दाखवलं नाही. यजमान आणि यजमानीणबाईंना काय येणार ते माहीतच होतं, महापौराच्या मुलीने, आंजेलिकाने, तोरा म्हणून दाखवलं नाही, आणि राजपुत्राच्या मुलीला, कोन्चेत्ताला, भूक नव्हती. पुढच्या दोनशे पानांचं कथानक या चौघांच्या तोंडावर आहे.

त्याआधी, मे १८६० च्या प्रकरणात, रमची जेली येते. बुरूज आणि तटबंदी असलेल्या किल्ल्याच्या आकाराची, लाल चेरी आणि हिरव्या पिस्त्यांची शिबंदी. दिसायला अभेद्य, चमचा मात्र लोण्यात जावा तसा जातो. ताट सगळ्यांत धाकट्या, सोळा वर्षांच्या फ्रान्चेस्को पाओलोपर्यंत पोचेतो उरतात तोफांनी पाडलेले कठडे आणि निखळलेले चिरे. पिढ्यांच्या क्रमाने वाढत गेलेलं ताट आहे हे. पुढच्या पिढीला काय उरलं ते डोळ्यांनी दिसतं. यात मला प्रतीक दिसतंच, फक्त ते वाढण्याच्या क्रमातून आलंय.

तिरकस

जेलीचं मान्य. पण नृत्याच्या रात्रीचं काय? १८६२, पालेर्मो, आणि टेबलावर ‘कुमारिकांचे स्तन’ म्हणून ओळखली जाणारी मिठाई. राजपुत्र अशा दोन उचलतो आणि ताट हातात धरून उभा राहतो तेव्हा स्वतःचे कापलेले स्तन तबकात घेऊन उभ्या असलेल्या संत आगाथाच्या चित्रासारखा दिसतो. धर्मपीठाने ही मिठाई कशी चालू दिली असा त्याला प्रश्न पडतो, कारण बनवणाऱ्या जोगिणी आणि खाणारे सगळे राव. हे थेट प्रतीक आहे, मोजदाद शून्य.

अर्धविराम

मोजदाद ‘दोन’ आहे ना, मग झालं तर. ;)

कोरडीभाकर

फेनोल्यो आला म्हणून मारिओ रिगोनी स्टेर्न आणतो. ‘इल सेर्जेन्ते नेल्ला नेवे’, १९५३, रशियातल्या डॉन नदीवरून माघार घेणाऱ्या इटालियन डोंगरी सैनिकांची हकिकत. बंकरमध्ये हे लोक हाताने फिरवायच्या ओबडधोबड जात्यावर राय दळतात आणि पोलेंटा करतात. घर म्हणजे काय याची आठवण त्या वासात.

मग २६ जानेवारी १९४३, निकोलायेव्का. ऐन लढाईत भुकेला सार्जंट एका खेडुताच्या घरात शिरतो. आत रशियन सैनिक, टोपीवर लाल तारा, एकाच थाळीतून चमच्यांनी जेवतायत. सगळे थिजतात. घरातली बाई एक ताट भरून दूध आणि भरडधान्याची पेज त्याच्यासमोर ठेवते. तो बंदूक पाठीला लावतो, खातो, आभार मानतो. जाताना दारातल्या मधाच्या पेट्या दिसतात तेव्हा सोबत्यांसाठी पोळ्याचा एक तुकडा मागून घेतो. बाहेर पडतो. कुणी गोळी झाडत नाही.

यावर लोक मानवतेचा सण वगैरे लिहितात. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ताट वाढताना बाईने कुणाची परवानगी घेतलेली नाही. त्या चार भिंतींत चालतो तो तिच्या चुलीचा अधिकार, आणि दोन्ही सैन्यांना तो न सांगता कळतो. ग्रंथकीट यांचा ‘वाढणारा हात’ इथे अगदी नेमका बसतो.

अवांतर: ‘ला मालोरा’ आणि हे पुस्तक दोन्ही एइनाउदी प्रकाशनाच्या ‘जेत्तोनी’ मालेतली. मालेचा संपादक कादंबरीकार एलिओ वित्तोरिनी. ‘द लेपर्ड’चं हस्तलिखित नाकारणाराही हाच. पुढे ते लेखक ज्योर्ज्यो बास्सानीमुळे फेल्त्रिनेल्ली प्रकाशनाकडून आलं. टांगलेली अँचोवी छापणाऱ्या माणसाला तिंबालो पचला नाही, यात त्या दशकाच्या रुचीबद्दल बरंच काही आहे.

पिंपळपान

वित्तोरिनीची स्वतःची ‘कॉन्व्हर्सेशन इन सिसिली’ युद्धाआधी मासिकात आणि १९४१ ला पुस्तकरूपात आली, तरी या सगळ्यांची पूर्वज म्हणून वाचावीच. बोटीवर एक मजूर भेटतो. त्याला मजुरी संत्र्यांत मिळालीय. संत्री कुणी घेत नाही, बायकोलाही नको असतात. मग तो एकामागून एक स्वतःच सोलून चिडून गिळत राहतो. पीक आहे, पैसा नाही, पोटाला दुसरं काही नाही. इटालियन संत्री म्हणून जे सोनेरी चित्र डोळ्यांपुढे येतं त्याची इतक्या कमी ओळींत कुणी वाट लावलेली मला माहीत नाही.

पेठेतला_पांथस्थ

मूळ मांडणीशी माझा मतभेद आहे. इटली कॅथलिक देश. पाव आणि वाइन एकत्र आले की वाचकाच्या मनात चर्चमधला प्रसाद येणारच, तुम्ही वजन करा नाहीतर करू नका. इन्यात्सिओ सिलोने घ्या. ‘ब्रेड अँड वाइन’ आधी १९३६ मध्ये परदेशात, निर्वासित असताना. युद्धानंतर त्याने ती पुन्हा लिहिली आणि १९५५ च्या इटालियन आवृत्तीचं नाव उलटं ठेवलं: ‘विनो ए पाने’. शेवटाकडे मुरिका नावाचा तरुण फासिस्टांच्या छळात मरतो. घरी जमलेल्या लोकांना त्याचा बाप पाव आणि वाइन देतो, आणि हे त्याच्याच हातचं आहे म्हणून सांगतो. बायबल माहीत असलेल्या माणसाला याचा दुसरा अर्थ कसा लागेल? इथे प्रतीक आधी आहे, ताट नंतर.

ग्रंथकीट

पांथस्थ, प्रसंग बरोबर निवडलात, पण त्यातला संवाद पुरा वाचा. बाप नेमकं काय सांगतो? गहू पेरायला, निंदायला, कापायला, मळायला मुरिकानेच मदत केली होती, द्राक्षमळ्यातही तोच राबला होता. पुढे बसलेल्यांत हिशेब सुरू होतो: गहू नोव्हेंबरात पेरला तर जुलैत कापणी, म्हणजे नऊ महिने. द्राक्षालाही मार्च ते नोव्हेंबर नऊ महिनेच. मग आई म्हणते, माणूस व्हायलाही तेवढेच लागतात.

सिलोने आब्रुत्सोच्या शेतकऱ्यांना धर्मशास्त्र बोलायला लावत नाही, पीक-पंचांग बोलायला लावतो. ख्रिस्ताचा प्रसाद त्या पंचांगातून उगवतो. चर्चचा पाद्री त्या खोलीत नाहीच. वाढतोय तो बाप.

पेठेतला_पांथस्थ

हे वाचन आवडलं, तरी ‘आधी-नंतर’चा आग्रह पटत नाही. शेतकऱ्याच्या डोक्यात पंचांग आणि प्रसाद एकत्रच असतात. पेरणी कुठल्या संताच्या सणाला करायची हेही ठरलेलं असतं. तुमची पद्धत वाचकाची शिस्त म्हणून चांगली आहे. लेखकाच्या मनातला क्रम म्हणून ती मांडू नका.

बाकी, कार्लो लेवीचं ‘क्राइस्ट स्टॉप्ड ॲट एबोली’, १९४५, कुणी काढलं नाही. फासिस्ट राजवटीत दक्षिण इटलीतल्या लुकानियात हद्दपार केलेला चित्रकार-डॉक्टर. गरीब तिथे वर्षभर पावच खातात, तोंडी लावायला फार तर चुरडलेला कच्चा टोमॅटो, थोडं लसूण-तेल किंवा मिरची. आणि घरकाम करणारी जुलिया त्याला बजावते की बाईच्या हातचं पेय जपून घे, त्यात वशीकरणाचं औषध असू शकतं, त्यात मुख्य घटक पाळीचं रक्त. इथे अन्न प्रमाणात मोजून उलगडत नाही. ते भीती आणि जादूच्या हिशेबात आहे.

कढईवाली

गरिबाच्या खाण्यावर आहोत तर सिसिलीच्या लेओनार्दो शाशाला विसरू नका. ‘द डे ऑफ द आउल’, १९६१. पहाटेची बस सुटायच्या बेतात, गावच्या चौकात पानेल्ले (तळलेल्या चकत्या) विकणारा ओरडतोय, आणि धावत येणारा बांधकाम ठेकेदार कोलास्बेर्ना गोळ्या लागून पडतो. बसमधले उतारू एकेक करून सटकतात, पानेल्लेवालाही. पोलिस त्याला शोधून आणतात आणि विचारतात, गोळ्या कुणी झाडल्या? तो आश्चर्याने विचारतो: का, गोळ्या झाडल्या?

माफियावर शेकडो पानं लिहिण्याऐवजी शाशाने साक्षीदार म्हणून हा माणूस निवडलाय. चौकात दिवसभर उभा राहणारा, सगळ्यांना ओळखणारा, ज्याला त्याच चौकात उद्या पुन्हा टोपली लावायचीय. दोन पैशांचा माल विकणाऱ्याला साक्ष परवडत नाही.

पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पातळ चकत्या, पालेर्मोत अजून पावात घालून मिळतात. आपली पाटवडी फोडणीशिवाय करून तळली तर जे होईल जवळपास तेच. पीठ ५०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, मीठ, बारीक चिरलेली पार्सली. पीठ गार पाण्यातच कालवायचं, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या. मध्यम आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटं, कडा सुटेपर्यंत. कमी शिजलं तर कच्च्या बेसनाचा वास तळल्यावरही जात नाही. भांडं उतरवल्याबरोबर ३-४ मिलिमीटर जाडीचं थापायचं. दोन मिनिटं उशीर झाला तरी ते तिथेच धरतं आणि पुन्हा पसरत नाही. पूर्ण गार झाल्यावर कापायचं, वरची ओल टिपायची आणि कडक तापलेल्या तेलात तळायचं. ओल राहिली तर तेल उडतं, तेल थंड असलं तर चकत्या तेल पितात. वर मीठ आणि लिंबू.

अर्धविराम

काळ्या बाजाराशिवाय हा धागा अपुरा. आल्बेर्तो मोराव्हियाची ‘ला चोचारा’, १९५७. निवेदिका चेसिरा रोममध्ये किराणा दुकान चालवते, आणि युद्ध सुरुवातीला तिला चांगलंच मानवतं, कारण टंचाईत तिचा माल सोन्याच्या भावाने जातो. मग तीच मुलीला घेऊन डोंगरात पळते आणि गाठीचा पैसा असूनही खायला मिळेना होतं. रानातली चिकोरी खुडून खाण्यापर्यंत. विकणारी बाई आणि भुकेली बाई एकच, हे मोराव्हियाचं कसब.

एल्सा मोरान्तेची ‘ला स्तोरिया’, १९७४, त्याच रोममधली. तिची इडा शाळामास्तरीण, कायद्याला घाबरणारी, आणि पोरासाठी अंडं चोरणारी.

या दोघींपेक्षा विकृत, आणि मुद्दाम विकृत, कुर्त्सिओ मालापार्तेची ‘द स्किन’, १९४९. दोस्त सैन्याच्या ताब्यातलं नेपल्स. आखातात मासेमारीला बंदी, म्हणून अमेरिकन जनरल कॉर्कच्या मेजवान्यांसाठी मासे नेपल्सच्या मत्स्यालयातून यायला लागतात. एकेक दुर्मीळ जात संपत संपत शेवटी येते ती ‘जलपरी’, उकडून, मेयोनेजसह, आणि ताटात ती हुबेहूब लहान मुलीसारखी दिसते. पाहुणी बाई किंचाळते. खावं की पुरावं यावर चर्चा होते, शेवटी बागेत पुरतात. जिंकणाऱ्यांनी शहर खाल्लं हे म्हणायला यापेक्षा बटबटीत प्रतिमा सापडणार नाही. चर्चने १९५० मध्ये पुस्तक निषिद्ध यादीत टाकलं. मला तो प्रसंग भडक वाटतो, विसरता मात्र येत नाही.

सांजभेळ

सगळं भूक आणि मरण. घरचं साधं खाणं कुठेच नाही का?

पिंपळपान

आहे. नातालिया गिन्झबुर्ग, ‘फॅमिली लेक्सिकन’, १९६३. वडील तुरिनचे प्राध्यापक, पहाटे चारला उठतात आणि आधी बघतात की ‘मेत्सोरादो’ लागलं की नाही. मेत्सोरादो म्हणजे घरी लावलेलं दही. सार्दिनियातल्या मेंढपाळांकडून शिकलेलं, तेव्हा इटलीत दही दुकानात मिळत नसे. पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवायचं, विरजण जपायचं, आणि लागलं नाही तर घरादारावर आरडाओरडा. रविवारी डोंगरात फिरायला जाताना शिदोरी ठरलेली: फोंतिना चीज, जॅम, पेर, उकडलेली अंडी. जेवताना पावाने रस्सा पुसून खाल्ला तर बाबांची शिवी तयार.

पुढे हे कुटुंब अटक, हद्दपारी आणि मृत्यूंनी विस्कटतं. लेऑने गिन्झबुर्ग १९४४ मध्ये रोमच्या तुरुंगात मरतो. लेखिका त्यावर जेमतेम काही ओळी लिहिते आणि दह्यावर मात्र जागा खर्च करते. शोक कुठे साठवलाय ते यावरून कळतं.

कोरडीभाकर

सांजभेळ, ‘मार्कोवाल्दो’मधली डब्याची गोष्टही घ्या. फिरकीच्या झाकणाचा जेवणाचा डबा. बायकोने सॉसेज आणि सलगम भरून दिलेत, आज, उद्या, परवा तेच. तिसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या खिडकीत शिक्षा म्हणून बसवलेला पोरगा भेटतो. त्याच्या ताटात तळलेला मेंदू, जो त्याला नकोय. दोघे अदलाबदल करतात. मार्कोवाल्दो चांदीच्या काट्याने मेंदू खातो, पोरगा हावरटासारखं सॉसेज. दोघांनाही वाटतं आयुष्यात इतकं चांगलं खाल्लं नाही. मग गव्हर्नेस येते, चोर-चोर ओरडते, डबा खिडकीतून भिरकावते. खाली आपटून झाकण चेमटतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

गोष्ट अर्ध्या मिनिटात वर्गसंघर्षावर भाषण झाली असती. काल्व्हिनो ते चेमटलेल्या झाकणावर सोडून देतो.

ग्रंथकीट

याच पुस्तकात टंचाईतून सुबत्तेकडची वळणं दिसतात. सुरुवातीच्या गोष्टी पन्नाशीच्या आरंभीच्या गरीब इटलीतल्या, शेवटच्या भरभराटीच्या काळातल्या, हे लेखकाने स्वतःच सांगितलंय. दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा.

एक, ‘नदी जिथे जास्त निळी आहे’. बाजारातलं सगळं भेसळीचं म्हणून मार्कोवाल्दो स्वच्छ पाण्यातला मासा शोधत शहराबाहेर जातो. निळ्याशार डोहात टेंच मासे भरपूर. रखवालदार येऊन सांगतो, वर रंगाचा कारखाना आहे, म्हणून पाणी निळं. भूक नाही, विष आहे. अन्नाचा प्रश्न बदलला.

दोन, सुपरमार्केटची. इटलीतलं पहिलं अमेरिकन धर्तीचं सुपरमार्केट मिलानच्या व्हिआले रेजिना जोव्हान्नावर २७ नोव्हेंबर १९५७ ला उघडलं. म्हणजे काल्व्हिनोच्या वाचकाला ढकलगाडी अजून नवलाची होती. मार्कोवाल्दोचं कुटुंब खिशात दमडी नसताना प्रत्येकी एक गाडी घेऊन शिरतं. बजावलेलं असतं की कशालाही हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सगळ्यांच्या गाड्या काठोकाठ, एकमेकांपासून लपवून. माल परत ठेवायला जागा सापडत नाही, बाहेर पडायची वाट सापडत नाही. शेवटी विस्तारकामासाठी पाडलेल्या भिंतीतून ते मचाणावर येतात आणि क्रेनचा जबडा सगळा माल गिळून टाकतो.

फेनोल्योच्या टेबलावर एका मासळीला सगळे घासत होते. इथे माल अमर्याद आहे आणि एक दाणा पोटात जात नाही. मधे नऊ वर्षं.

तिरकस

मग १९८० नंतर काय? काल्व्हिनोची ‘अंडर द जॅग्वार सन’ ही कथा १९८२ ची. मेक्सिकोत फिरणारं जोडपं, शरीरसंबंध थंडावलेला, आणि एकमेकांची जवळीक उरलीय ती एकाच वेळी एकाच मिरचीचा जाळ तोंडात अनुभवण्यात. अक्रोडाच्या पांढऱ्या सॉसमधल्या भरल्या मिरच्या, जुन्या मठांतल्या जोगिणींच्या पाककृती. मग मोन्ते आल्बान या प्राचीन नगराच्या अवशेषांत गाइडला ती बाई खोदून खोदून विचारते, बळी दिलेल्या माणसाचं मांस कुणी खायचं, आणि त्याची चव कशी असायची? इथे प्रमाण, भाव, रांग काही नाही. नुसती चव.

ग्रंथकीट

वाढणारा हात आहे की. बळीचं मांस कुणी शिजवलं आणि कुणाला वाढलं हाच तर तिचा प्रश्न, आणि गाइड टाळतो तेही तेच. पण मान्य, पोट भरल्यावरचं साहित्य आहे ते, चव तिथे मुख्य झालीय. त्याच वाटेने पुढे रहस्यकथाकार कामिल्लेरीचा इन्स्पेक्टर मोंताल्बानो येतो. जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही, आणि घरकाम करणाऱ्या आदेलीनाच्या आरान्चीनींसाठी (सारण भरून तळलेले भाताचे गोळे) तो नववर्षाचा परदेश दौरा सोडतो. कृती कथेतच आहे, पुरे दोन दिवसांची: पहिल्या दिवशी मांस मंद शिजवायचं, दुसऱ्या दिवशी भात करून संगमरवरावर पसरून गार करायचा. वाचायला मजा येते. प्रतीक म्हणून त्याच्यावर फार भार टाकू नये.

सांजभेळ

धाग्याला वाचनखूण लावली. सुरुवात कुठून करू? आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना यातलं काय देता येईल?

कोरडीभाकर

तुमच्यासाठी: ‘मार्कोवाल्दो’ आधी, सुट्या गोष्टी आहेत, अळंबी-डबा-नदी-सुपरमार्केट या क्रमाने. मग शाशा, शंभर-सव्वाशे पानांचं काम. मग प्रीमो लेवी, पण सलग वाचा, निवडक प्रकरणं नकोत. ‘द लेपर्ड’ शेवटी, जेवून बसा.

मुलांसाठी मार्कोवाल्दो चालेल. त्याआधी ज्यान्नी रोदारीची ‘टेलिफोनवरच्या गोष्टी’, १९६२. फोनच्या एका नाण्यात मावतील एवढ्या लांबीच्या गोष्टी, कारण फिरतीवरचा बाप रोज रात्री मुलीला फोनवर एक सांगतो. त्यात बोलोन्याच्या मुख्य चौकात आइसक्रीमचा आख्खा महाल उभा राहतो, साय-फेसाचं छप्पर, धुराड्यातून साखरेचा कापूस. एक खिडकी वितळायला लागलीय हे पोलिसाच्या लक्षात येतं आणि मग सगळ्यांनी भराभर चाटायचं. त्या दिवशी डॉक्टरांच्या हुकमाने कुणाचंही पोट दुखत नाही.